जुवैनाच्या घराचा कागद

१

हिरवी थैली उघडली तेव्हा आत काहीच नव्हतं.

जुवैनानं मला हे गुरुवारी सकाळी फोनवर सांगितलं. मी मस्कतजवळ माबेल्याला, मुलाच्या घरी, भाकऱ्या थापत होते. हात पिठाचे, म्हणून सून प्रणालीनं फोन माझ्या कानाला धरला. जुवैना रडत नव्हती. सत्त्याहत्तर वर्षांची ही बाई रडत नाही, नुसती हळू बोलते. ती जितकं हळू बोलेल तितकं प्रकरण मोठं, हे मला एकोणपन्नास वर्षांच्या ओळखीत कळलेलं आहे.

"हौसा, रविवारी कोर्ट आहे," ती म्हणाली. ओमानात रविवार कामाचाच असतो. "कागद नसेल तर माझं घर वाटणीत जाणार."

मी १९७६ साली नर्स म्हणून इब्र्याला आले. तेव्हा मस्कतहून तिथं पोचायला निम्मा दिवस जायचा. धुळीनं पापण्या जड व्हायच्या आणि पोचल्यावर कुणीतरी आधी पाणी द्यायचं, मग खजूर, मग कॉफी, आणि त्यानंतर विचारायचं की तू कोण. मला पहिलं पाणी जुवैनानं दिलं. पुढच्याच वर्षी तिचा एकुलता एक मुलगा मबरूक माझ्या हातांवर जन्मला. तो कोरोनाच्या साथीत गेला. आता तिला त्याची मुलगी राया, बारा खजुराची झाडं, तीन खोल्यांचं घर आणि कालव्यातलं दर पाळीला अर्धा तास पाणी, एवढंच आहे.

हे सगळं तिचं कसं झालं ते सांगितलं पाहिजे. तिची आई सलामा लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली गुलाम. इब्र्याच्या नासिर शेखांच्या घरात ती वाढली, तिथंच जुवैना झाली. अशा घरांच्या मृत्युपत्रांत झाडं, पाण्याचे तास आणि माणसं एकाच यादीत असत: ही बाग थोरल्याला, तो गडी धाकट्याला. ओमानात गुलामगिरी १९७० साली बंद झाली. नासिर शेख त्याआधी आठ वर्षं वारले, आणि त्यांनी वेगळं लिहिलं. सलामा आणि तिची मुलगी स्वतंत्र, आणि घर, झाडं, पाणी त्यांचं.

नासिर शेखांचा मुलगा सुलेमान. त्यानं बापाचा शब्द त्रेसष्ट वर्षं पाळला, पण घर जुवैनाच्या नावावर करायचं राहून गेलं. शब्द होता तोवर कुणाला गरज वाटली नाही. दीड महिन्यापूर्वी सुलेमान वारला. मरताना त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की मूळ कागद माझ्या पेटीत, हिरव्या थैलीत आहे.

त्या थैलीत आता हवा होती.

"कुणावर संशय आहे?" मी विचारलं.

जुवैना आणखी हळू बोलली. "हिलालशिवाय कुणाचा फायदा आहे, तूच सांग."

२

हिलाल म्हणजे सुलेमानचा मुलगा. वय बावन्न, मस्कतच्या गाला नावाच्या भागात त्याची पंप आणि पाइप विकणारी कंपनी. लहानपणी त्याच्या ढुंगणावर मी इतकी इंजेक्शनं दिली आहेत की तो अजून माझ्यासमोर जरा तिरकाच बसतो.

माझा मुलगा देवानंद तिथंच इंजिनिअर आहे. त्यानं मला कामावर जाताना हिलालच्या दारात सोडलं आणि नेहमीची सूचना केली की आई, परक्याच्या वाटणीत पडू नकोस. मी बरं म्हटलं आणि आत गेले.

हिलालनं कॉफी स्वतः ओतली. चेहरा उतरलेला होता. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलंय, काल रात्री मशिदीबाहेर दोघांनी माझ्या सलामला उत्तरसुद्धा तोंडातल्या तोंडात दिलं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ठरवलं असेल, पण मी अजून ठरवलेलं नाही; मला पहिल्यापासून सांग.

त्यानं सांगितलं ते असं. सुलेमानच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुली आफ्रिकेत, दारेसलामला असतात. त्यांना इथल्या मातीचं काही नाही, सगळं विकून हिस्सा हवा आहे. त्यांच्या वकिलानं अर्ज करून महिनाभर पुढची तारीख या रविवारवर आणली. ते मंगळवारी कळलं. बुधवारी हिलालनं इब्र्याहून पेटी मागवली आणि संध्याकाळी त्या वकिलासमोरच थैली उघडली.

"सिस्टर हौसा, मीच चोरला असता तर वकिलाला बोलावून उघडली असती का?" तो म्हणाला. "माझा हिस्सा मी आज जुवैनाला देईन. बहिणींचा कसा देऊ? त्याला कागदच लागतो."

मी विचारलं की कागद त्यानं कधी पाहिला होता का. थैली शंभरदा पाहिली, कागद कधीच नाही, तो म्हणाला. बाबा थैलीची गाठ सोडतच नसत. आणि पाहून तरी काय, आजोबांच्या काळची अक्षरं. अक्षरांना टिंबं नाहीत, मुंग्या चालल्यासारख्या ओळी. पेटीतले बाकीचे अकरा कागदही त्याला वाचता आले नव्हते.

मला ते पटलं. पण पटणं आणि खरं असणं यात फरक असतो, हे वॉर्डात काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

मी उठले तेव्हा तो दाराशी म्हणाला, "पेटी माझ्याकडे आली ती काही उडत आली नाही. तुमच्याच मुलखाचा माणूस घेऊन आला. त्याला विचारलंत का?"

३

तो माणूस सतीश. राजापूरकडचा, बावीस वर्षं हिलालकडे ऑफिस सांभाळतो. आंबेडकर जयंतीला आम्ही सगळे जमतो तेव्हा भाताचं पातेलं तोच उचलतो. मला पाहून तो "जय भीम, मावशी" म्हणाला आणि खुर्ची देण्याऐवजी स्वतःच बसला, इतका तो घाबरलेला होता. अर्बाब, म्हणजे मालक, अजून काही बोलले नाहीत, पण न बोलणंच वाईट, असं त्याचं म्हणणं. व्हिसा कंपनीचा, मुलीची बारावी इथं.

मी म्हटलं, पेटी तू कुठून उचललीस ते सांग.

सुलेमानची विधवा शम्सा, हिलालची सावत्र आई, सध्या सुतकात आहे. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडत नाही आणि परक्या पुरुषाला तिच्यासमोर जाता येत नाही. पेटी तिच्या खोलीत. त्यामुळे सतीश बाहेरच्या बैठकीत बसून राहिला आणि राया आतून पेटी घेऊन आली. ती शम्साला रोज सकाळी साखरेचं इंजेक्शन द्यायला जाते. जुवैना तेव्हा घरी नव्हती. बुधवारी बायकांचा बाजार असतो, ती तिथं धूप विकायला बसते.

"आणि मावशी, हे बघा," सतीशनं फोन पुढे केला. "दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेताना मी फोटो काढल्याशिवाय हात लावत नाही. या देशात मी याच एका सवयीवर टिकलोय."

बुधवार, दहा वाजून बारा मिनिटं. लाल गालिचा, त्यावर उघडी पेटी. एका बाजूला अकरा कागद, दुसऱ्या बाजूला हिरवी थैली. मी चष्मा पुसून पाहिलं, मग फोटो मोठा करून पाहिला.

ते अकरा कागद जुन्या जाड कागदाचे होते. घडी पडून पापडासारखे कडक झालेले, नुसते ठेवले तरी कोपरे उभे. आणि थैली मधोमध चुरगळून दुमडली होती, वाळत घातलेला रुमाल खाली पडावा तशी. आत तसला कागद असता तर ती दुमडली नसती.

मी सतीशला म्हटलं, "तू जेव. आज तरी जेव. तुझ्या हातात ही थैली आली तेव्हाच ती रिकामी होती."

त्याचे डोळे भरून आले. मला मात्र पुढचं कळलं आणि बरं वाटलं नाही. सतीश सुटला, सतीशच्या नंतर हाताळणारा हिलालही सुटला. थैलीला हात लावणारी आता दोनच माणसं उरली होती, आणि दोघी बायका.

४

शुक्रवारी सुट्टी, म्हणून देवानंदनं कुरकुरत मला इब्र्याला नेलं. पूर्वी या रस्त्याला मी डोळे मिटून झटके मोजायचे. आता दोन तासांत चहासुद्धा सांडत नाही. मला त्याचं कौतुकही आहे आणि थोडं वाईटही वाटतं.

शम्साच्या खोलीत ऊद जळत होता. साधे कपडे, अंगावर एक दागिना नाही, फक्त गळ्यात काळ्या दोऱ्यात पेटीची किल्ली. तिनं माझे हात धरले, सुलेमानबद्दल बोलली, मी ऐकलं. मग मी सरळ विचारलं. विधवा म्हणून तिला मालमत्तेचा आठवा हिस्सा मिळतो. जुवैनाचं घर वाटणीत आलं तर तो वाढतोच.

ती रागावली नाही, उलट तिला हसू आलं.

"तीस वर्षं ही किल्ली माझ्या गळ्यात आहे," ती म्हणाली. "मला तो कागद नकोसा असता तर तीस वर्षांत माझी चूल पेटत नव्हती का?"

मी विचारलं की कागद थैलीत आहे असं तिला शेवटचं कधी जाणवलं. ती विचार करून म्हणाली, दहा दिवसांपूर्वी. सुलेमानच्या मृत्यूचा दाखला कोर्टासाठी पेटीतून काढताना तिनं थैली उचलली तेव्हा आतला कागद बोटांना कडक लागला होता. त्यात काय लिहिलंय ते तिला माहीत नाही. नवऱ्यानं गाठ कुणासमोर सोडलीच नाही. त्यानंतर किल्ली कुणाला दिली का? नाही, कुणालाच नाही. म्हणजे रायाला द्यायची अधूनमधून, औषधं पेटीतच असायची. पण राया म्हणजे काही कुणी नव्हे.

मग तिनंच विषय बदलला. एवढ्या दुःखात एकच चांगली गोष्ट, येत्या गुरुवारी रायाचा निकाह लिहिला जाणार. तारीख याच दहा दिवसांत ठरली. मुलगा मुहन्ना, मोठ्या नावाच्या कबिल्यातला, स्वभावानं गोड. आणि त्याचे काका खलफान कोर्टात कातिब आहेत, दावे-दस्तऐवज तेच मोठ्यानं वाचून दाखवतात. रविवारी आपलाच माणूस असेल, म्हणून शम्साला धीर वाटत होता.

मला अजिबात धीर वाटला नाही.

५

जुवैनाच्या अंगणात चटई टाकलेली होती. तिनं माझ्यासाठी हलवा काढला, देवानंदला मबरूकची गोष्ट सांगितली, तिसऱ्यांदा. देवानंदला अरबी दहा शब्द येतात, तो योग्य जागी मान हलवत होता. रायानं कॉफी आणली. चोवीस वर्षांची मुलगी, निजव्याच्या विद्यापीठात शिकलेली. जुन्या घरांमधले हस्तलिखित कागद वाचून ते संगणकावर चढवण्याचं काम करते. तिनं माझ्या कपात कॉफी ओतली, माझ्याकडे न पाहता.

"हबूबा हौसा, सहा ओळींच्या कागदासाठी तुम्ही उन्हातून कशाला आलात?" ती म्हणाली. हबूबा म्हणजे आजी. ती आम्हा दोघींनाही तेच म्हणते.

मी कॉफी प्यायले, कप हलवून पुरे म्हणून परत दिला, आणि तिला म्हटलं, चल, मला झाडं दाखव.

कालव्याच्या कडेनं आम्ही चाललो. हिलालनं कागद पाहिला नव्हता, शम्सानं नाही, सतीशनं नाही. जुवैनानं तो फक्त ऐकला होता, चौदाव्या वर्षी, भिंतीपलीकडे बायकांत उभी राहून. सुलेमान मातीत गेला. कागदाला सहाच ओळी आहेत हे ठाऊक असलेलं जिवंत माणूस एकच असू शकत होतं, ज्यानं तो उघडून पाहिला ते.

मी तिला तसं काही म्हटलं नाही. मी तिला माझी गोष्ट सांगितली.

मी अठरा वर्षांची असताना मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलात राहायला गेले. खोलीत आम्ही चौघी. तिघींना माझं आडनाव ऐकून काही कळलं नव्हतं, आणि त्या माझ्या ताटातलं लोणचं उचलून खायच्या. माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यात जातीचा रकाना होता. मी तो ट्रंकेच्या तळाला, अस्तराखाली सरकवला आणि वर सुईनं टाके घातले. जाळून टाकावा असं रोज वाटायचं. पण मला तिथली जागा आणि शिष्यवृत्ती त्याच कागदानं दिली होती. ज्या कागदानं मला घरातून बाहेर काढलं तोच कुणी पाहू नये म्हणून मी वर्षभर ट्रंकेवर झोपले.

राया थांबली. पाण्याकडे पाहत राहिली.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय, ट्रंक गंजली. माणसं जी टिकायची होती ती टिकली."

मग तिनं सगळं सांगितलं, घाईघाईनं, जणू कुणी वाट अडवेल. निकाहाची तारीख ठरली त्या दिवशी तिनं औषधाच्या निमित्तानं पेटी उघडली आणि कागद पहिल्यांदा वाचला. तिसऱ्या ओळीत होतं: माझ्या मालकीची सलामा. तिला कागद नष्ट करायचा नव्हता. निकाह झाला की परत ठेवायचा, कोर्टाला अजून महिना आहे, असा तिचा हिशेब. मंगळवारी कोर्टाची तारीखच अलीकडे आली. बुधवारी सकाळी कागद पर्समध्ये घेऊन ती गेली, तर शम्सा जागी, आणि सतीश बाहेर येऊन बसलेला. थैली रिकामीच द्यावी लागली. आता रविवारी कागद दिला तर मुहन्नाचे काका तो भर कोर्टात वाचणार, आणि निकाह मोडणार. नाही दिला तर आजी बेघर.

"त्याला माहीत नाही?" मी विचारलं.

"आम्ही कधी बोललोच नाही. इथं कुणी बोलत नाही."

कागद तिच्या पदवीच्या फाइलमध्ये होता, मेणकागदात नीट गुंडाळलेला. जाळणारा माणूस मेणकागद शोधत नाही.

"तुम्ही हबूबाला सांगणार?"

"मी नाही," मी म्हटलं. "पण हिलालला गाव चोर म्हणतंय आणि सतीश दोन दिवस जेवलेला नाही. तू सांग, आणि आजच."

६

तिनं सांगितलं. मी आणि देवानंद मुद्दाम गाडीपाशी उभे राहिलो. आत बराच वेळ आवाज नव्हता, आणि जुवैनाचा आवाज येत नाही याचा अर्थ मला माहीत होता. शेवटी तिनं मला हाक मारली.

कागद तिच्या मांडीवर उलगडलेला होता. तिला वाचता येत नाही. ती बोटानं ओळी चाचपत होती.

"कुठं आहे तिचं नाव?" तिनं नातीला विचारलं.

रायानं बोट धरून तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"माझ्या आईचा फोटो नाही," जुवैना म्हणाली. "आमच्यात कबरीवर नाव लिहीत नाहीत. अख्ख्या जगात तिचं नाव एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. आणि तू ते लपवून ठेवलंस."

तिनं रायाला रागावून एवढंच म्हटलं. त्यानंतर हिलालला फोन लावायला लावला आणि माफी मागितली. हिलालनं पलीकडून काय म्हटलं ते कळलं नाही, पण जुवैना म्हणाली की मूर्खा, तुझी बायको तिथं असेल तर तिच्यासमोर रडू नकोस. मी सतीशला फोन केला. रविवारी कागद द्यायचा की नाही, हे मात्र जुवैनानं रायावर सोडलं. घर माझं आहे, पण लग्न तुझं, असं म्हणून ती नमाजाला उठली.

रविवारी मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. हिलाल होता, दारेसलामवाल्या बहिणींचा वकील होता. खलफान काका म्हणजे पांढरी दाढी, सोनेरी काडीचा चष्मा. रायानं पर्समधून मेणकागद काढला आणि न्यायाधीशांसमोर ठेवला.

कागद खलफान काकांकडे गेला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा वर केला. मग जरा ओशाळून म्हणाले की हे हस्ताक्षर फार जुनं आहे, वाचणारा तज्ज्ञ बोलवावा लागेल. वकील लगेच उठला आणि पुढची तारीख मागू लागला.

"मला वाचता येतं," राया म्हणाली.

न्यायाधीशांनी विचारलं की तू या दाव्यात पक्षकार आहेस का. ती म्हणाली, माझी आजी आहे. मी वाचते, तुम्ही नंतर ज्याच्याकडून हवं त्याच्याकडून तपासून घ्या. त्यांनी मान हलवली. तिनं सहाही ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीला आवाज खाली गेला नाही. उलट तिथं ती किंचित थांबली, म्हणजे नाव सुटं ऐकू यावं. शेवटच्या ओळीत नासिर शेखांनी लिहिलं होतं की माझ्या वंशातल्या कुणीही यांना इथून उठवू नये.

वकिलानं हातातला अर्ज घडी करून ठेवला. तज्ज्ञाची पडताळणी पंधरा दिवसांत होईल, तोवर घर वाटणीतून वगळलं आहे, असं न्यायाधीश म्हणाले. हिलालनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं.

बाहेर खलफान काका आमच्यामागून आले. राया थबकली. मीही.

"पोरी," ते म्हणाले, "आमच्या घरात चौकशी केल्याशिवाय सोयरीक होते असं तुला वाटलं? मुहन्नानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याची आई वर्षभर अडून बसली होती, ते तुला कुणी सांगितलं नाही, बरंच झालं. आता तीच मेंदी लावणारीला तीनदा फोन करून झाली." मग चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "गुरुवारी वेळेवर या. आणि मला ती अक्षरं शिकव. तीस वर्षं कातिब आहे मी, आज लाज गेली."

रायाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

देवानंदनं रजा टाकून गाडी आणली होती. आम्ही तिघी मागे बसलो. कोर्टानं प्रत ठेवून घेतली होती आणि मूळ कागद पडताळणीला गेला होता, पण रायानं फोनमध्ये त्याचा फोटो काढला होता. गाडी सुरू होण्याआधीच जुवैना म्हणाली, वाच. रायानं वाचलं. तिसऱ्या ओळीला जुवैनानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तेवढंच परत. रायानं परत वाचलं. मग आणखी एकदा, मग आणखी एकदा.

देवानंदनं आरशात पाहून मला मराठीत विचारलं, "आई, काय वाचतायत एवढं?"

"सातबारा," मी म्हटलं. "तू गाडी सावकाश चालव."